दोन कॅमेरे आणि भागाबाईंचं गोंदण

चिपळूणहून निघताना माझ्या पिशवीत दोन कॅमेरे होते आणि डोक्यात राग. जुना कॅमेरा माझा, बारा वर्षं वापरलेला, कोपऱ्यांवरचा रुपेरी रंग उडालेला. नवा माझ्या लेकीने, मुक्ताने, साठीनिमित्त दिलेला. देताना ती प्रेमानेच म्हणाली, "आई, यात चेहरा नितळ येतो. डाग दिसत नाहीत. आता तरी फोटोत येत जा. आणि तो जुना डबा टाकून दे."

माझ्या हनुवटीवर आणि डाव्या गालावर कोडाचे डाग आहेत. पस्तिशीत आले आणि राहिले. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक समारंभात कॅमेरा माझ्या हातात असतो, कारण फोटो काढणाऱ्याला फोटोत कोणी बोलवत नाही. ही युक्ती माझी मीच शोधली आणि ती बिनबोभाट चालली. तरी मुक्ताचं बोलणं लागलं. मी तिला सांगितलं, कुठला कॅमेरा टाकायचा ते मी ठरवीन. चार दिवस परभणीला निर्मलाकडे चालले आहे, दोन्ही नेते, दिसेल त्या गोष्टीचा दोन्हींनी फोटो काढते. जो हरेल तो घराबाहेर. "त्यापेक्षा फोन आहे की," जावई म्हणाला. फोन बोलायला असतो, असं सांगून मी बस पकडली.

पुण्याहून रेल्वेने सकाळी परभणीला उतरले. निर्मला ही माझी वसतिगृहातली मैत्रीण. मूळची सांगलीची, पण लग्नानंतर इथे आली ती पार इथलीच झाली. स्टेशनवर माझ्या गळ्यात एक आणि हातात एक कॅमेरा बघून तिने पहिलाच प्रश्न टाकला, "दोन दोन कामून?" (कामून म्हणजे कशासाठी.) घरी गेल्यावर तिने सुशीला पुढे केली. घाबरू नका, सुशीला ही बाई नव्हे; भिजवलेले मुरमुरे पोह्यांसारखे फोडणीला टाकले की त्याला इकडे सुशीला म्हणतात. बशीचे दोन फोटो काढले. जुन्यात हळद जरा भडक आली, नव्यात कढीपत्त्याच्या शिराही मोजता आल्या. नव्याला एक गुण.

निर्मला आंघोळीला गेल्यावर मी आणखी एक फोटो काढला. नव्या कॅमेऱ्याचा पडदा वर उलटा वळतो, म्हणजे स्वतःला बघत स्वतःचा फोटो घेता येतो. घेतला. गाल एकदम स्वच्छ. खरं सांगते, घटकाभर आवडलं. मग त्या बाईची मलाच ओळख पटेना आणि मी तो पुसून टाकला. गाल नितळ करणारी ती सोय मात्र बंद केली नाही. तेवढा मोह राहिलाच.

दुपारी पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला गेलो. निर्मला स्वतः गाडी चालवते आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक ट्रॅक्टरशी मोठ्याने बोलते. देवळाच्या आत अंधार आणि गारवा. मी गाभाऱ्याकडे पाठ करून, विचारून-सवरून, मंडपात बसलेल्या बायकांचे फोटो काढले. जुन्याने सरळ हात टेकले. फ्लॅश लावला तर सगळ्यांचे चेहरे उकडलेल्या बटाट्यासारखे, न लावला तर नुसता काळोख. नव्याने मात्र समईच्या उजेडात खांबाची झीजसुद्धा टिपली. शेजारच्या आजींनी विचारलं, "मोबाईल न्हाई का, माय?" मी म्हटलं, "आहे. पण तो सारखा वाजतो." त्यांना हे पटलं.

दुसऱ्या दिवशी बोरीच्या रस्त्याला लागलो. होळी आठ दिवसांवर आलेली, शाळू निघालेला, काळ्या रानात नुसते खुंट. उन्हाचा पारा आमच्या कोकणातल्यापेक्षा वेगळा. घाम येत नाही, सरळ चटका बसतो. इथे पारडं फिरलं. नव्या कॅमेऱ्याचा पडदा उन्हात तव्यासारखा काळा. काय फोटोत येतंय, काय नाही, देव जाणे. जुन्याला वरच्या अंगाला करंगळीच्या नखाएवढी काचेची खिडकी आहे, तिला डोळा लावला की झालं. पण त्याचे सेल संपले. बोरीच्या किराणा दुकानात बॅटरीचे साधे सेल मिळाले आणि म्हातारा पुन्हा उठून बसला. नव्याची बॅटरी अशी दुकानात मिळत नाही. म्हाताऱ्याला दोन गुण.

बोरी मागे टाकून थोडं पुढे गेलो तर रस्त्याकडेच्या रानात मेंढरं बसवलेली दिसली. इकडे पीक निघालं की शेतकरी धनगरांना कळप घेऊन बोलावतो; मेंढरं चार दिवस रानात बसली की लेंड्यांचं खत आपोआप पडतं. मी गाडी थांबवायला लावली आणि कॅमेरा रोखला. तेवढ्यात कळपाशेजारच्या कापडी पालातून आवाज आला.

"ए बाई! मेंढरांचे फोटो काय काढायलीस? माझा काढ!"

या भागाबाई. सत्तरी ओलांडलेल्या, हातात काठी, खांद्यावर घोंगडी. कपाळावर, दोन्ही भुवयांच्या मध्ये गोंदलेली उभी रेघ आणि तिच्या बाजूंना ठिपके, हनुवटीवर तीन ठिपके, मनगटापासून कोपरापर्यंत तुळस. सगळं हिरवं पडलेलं. त्यांची सून सुमन पालाजवळ भाकऱ्या थापत होती.

"कशाला हवाय फोटो?" मी विचारलं.

"भिताडावर लावायला. आजच्या आज. उद्या तांबडं फुटायला मेंढरं घेऊन येलदरीकडं निघायलाव आमी."

सुमनने मान वर केली. "आत्याबाई, जित्या माणसाचा फोटो भिताडावर लावत न्हाईत. वंगाळ असतंय ते."

"वंगाळ झालं तर मला होईल न्हं? तू भाकर कर." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आमचे मालक गेले. तवा घरात त्यांचा एक बी फोटो न्हवता. पोरांनी भावकीतल्या कुनाच्या तरी लग्नाच्या फोटोतलं मुंडकं कापून नेलं आन् फोटोवाल्यानं त्याला कोट घातला. टाय बी बांधला! घोंगडं सोडून त्या माणसानं जन्मात आंगावर काय घेतलं न्हाई. पाव्हणे इचारत्यात, ह्ये वकील कोण?"

निर्मलाला हसू आवरेना. भागाबाई हसल्या नाहीत.

"तुमी हसायलाव. वाटंत मला काय झालं तर माझं बी तसंच करतील. नातवानं परवा फोनात काढला माझा, तर तोंडाला पीठ फासल्यावानी. गोंदण कुटंच न्हाई. सोनं-नाणं हितंच ऱ्हातंय माय, गोंदण तेवढं संगं येतंय. त्ये बी पुसल्यावर मी वर जाऊन काय दाखवू?"

मी मोठ्या ऐटीत नवा कॅमेरा काढला, पडदा त्यांच्याकडे वळवला आणि बटण दाबलं. त्यांनी पडद्यावर पदराची सावली धरून निरखून पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग कॅमेरा माझ्या छातीला टेकवून म्हणाल्या, "ह्यो बी फोनाचाच भाऊ हाय."

फोटोत कपाळ कोरं होतं. हनुवटीवरचे ठिपके मावळलेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण ते पुसणारं मीच चालू ठेवलं होतं, माझ्यासाठी. मुक्ताचा राग आला, कॅमेरा बनवणाऱ्यांचा आला आणि सगळ्यात जास्त माझा मला आला. ही सोय आता बंद करायचीच. पण उन्हात पडद्यावरचं एक अक्षर दिसेना. शेवटी भागाबाईंनी घोंगडी आमच्या डोक्यावर टाकली. आत मेंढरांचा उग्र वास आणि दोन चष्मेवाल्या साठीच्या बायका. पाच-सहा याद्यांमध्ये शिरलो, एकदा चुकून कॅमेऱ्याची भाषाच बदलली, तीही परत आणली आणि अखेर त्वचा नितळ करणारी ती खूण सापडली. बंद केली. बाहेर येऊन एक फोटो काढला, तो उत्तम आला आणि कॅमेऱ्याने डोळे मिटले. बॅटरी संपली होती.

मग जुना. खिडकीला डोळा लावला. "ऊन डोळ्यावर येतंय का?" मी विचारलं. "येऊ दे. रोजच येतंय," भागाबाई म्हणाल्या आणि काठी रोवून उभ्या राहिल्या.

दोघींनी त्यांना आणि सुमनला गाडीत घातलं. सुमनचा नवरा कळपापाशी थांबला. बोरीत त्यांचं पत्र्याचं घर. सासू-सुनेला तिथे सोडून आम्ही फोटो स्टुडिओत गेलो. मालकाला दोन्ही कार्डं दिली, दोन फोटो मोठे करून द्या म्हटलं. अर्ध्या तासाने त्याने आनंदाने पहिला फोटो हातात ठेवला. मागे निळा पडदा, मेंढरं गायब आणि कपाळ पुन्हा कोरं.

"डाग साफ करून दिलेत, ताई," तो म्हणाला.

माझा पारा चढला. "तो डाग नाही, गोंदण आहे. आणि डाग असता तरी तुम्हाला पुसायला कोणी सांगितलं होतं? ज्याचा चेहरा त्याला विचारलं का?" बाहेर उभे असलेले दोघे आत डोकावले. मालकाची नजर माझ्या हनुवटीवर गेली. मी मान खाली घातली नाही. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा घातली नाही.

माणूस वाईट नव्हता. हळूच म्हणाला, "समदे तसंच मागतेत, ताई. त्यांच्या मालकाचा कोट बी मीच घातलावता. मानानं दिसावा म्हणून." मी समोर बसून राहिले आणि त्याने दोन्ही फोटो जसेच्या तसे काढून, चौकटीत बसवून दिले.

भागाबाईंनी दोन्ही फोटो दारातल्या उजेडात धरले. नव्या कॅमेऱ्याचा फोटो देखणा होता. केसन् केस वेगळा, गोंदण हिरवंगार, मागचं सगळं अलगद पुसट. जुन्यात अर्धा चेहरा सावलीत, उन्हाने डोळे बारीक, पण मागे कळप स्वच्छ.

"ह्यात मेंढरं कुटंयत?" त्यांनी नव्यावर बोट ठेवलं. "निस्ता धूर. ह्ये न्हाई." आणि जुना उचलला. "ह्यात माझी कानफाटी मेंढी बी हाय."

खिळा त्यांनी स्वतः ठोकला, बत्त्याने. सुमन एकदा पुटपुटली आणि मग तिनेच स्टूल धरलं. कोटवाल्या मालकांच्या शेजारी काठीवाल्या भागाबाई. त्या चार पावलं मागे सरून बघत राहिल्या. "आता शोभतंय," त्या म्हणाल्या. "वकिलाची बायकू मेंढरं राखती म्हणावं."

आणि मग माझ्याकडे वळल्या. "आता तू हो हुबी. दे त्यो खिडकीवाला."

"नको. मी फोटोत येत नाही."

"कामून?"

मी हनुवटी दाखवली. त्या अगदी जवळ आल्या, भाकरी भाजली का बघावं तसं माझं तोंड उजेडाकडे वळवून बघितलं.

"दुखतंय का?"

"नाही."

"मग झाकायलीस कशाला? मला टोचताना तीन माणसांनी धरलंवतं. तरी मिरवायलेच की." आणि एक डोळा घट्ट मिटून, दुसरा खिडकीला लावून त्यांनी बटण दाबलं.

पुढच्या दिवशी सावकाश आवरून येलदरीला निघालो. वाटेत जिंतूरच्या अलीकडे त्यांचा कळप रस्त्याच्या कडेने चाललेला दिसला. निर्मलाने हॉर्न दिला, भागाबाईंनी काठी उचलली आणि आम्ही पुढे झालो. धरणाच्या पाण्यावर मासेमारांच्या होड्या होत्या. लांबच्या होडीपर्यंत जुना पोचला, सांजवेळी पाण्यावर उतरलेला रंग नव्याने पकडला. जवळच्या टपरीवर तळलेला मासा खाल्ला. कोकणातली असून सांगते, झकास होता. फक्त तिखट एवढं की दोन्ही कॅमेरे काही वेळ धूसर दिसले.

चिपळूणला परतल्यावर मुक्ता दारातच होती. "मग? कुठला हरला?"

निकाल असा: अंधारात, देवळात, घरात नवा; उन्हात, लांबवर आणि जिथे फक्त किराणा दुकान आहे तिथे जुना. नव्याची ती एक खोड बंद केल्यावर तोही घरचाच झाला. दोन्ही राहणार. हे मी मुक्ताला सांगितलं नाही. बॅगेतून परभणीत छापून चौकटीत बसवून घेतलेला फोटो काढला, बैठकीच्या भिंतीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला पहिला दिसेल अशा जागी खिळा ठोकला आणि लावला. बोरीतलं पत्र्याचं घर, फोटो जरा तिरका, डोक्याचा वरचा भाग कापलेला आणि मधोमध मी.

मुक्ता फोटोजवळ गेली. "आई, यात डाग..."

"दिसतात ना?"

"हो."

"मग चांगला आलाय," मी म्हटलं आणि चहा टाकायला आत गेले.