प्रभाकर तायडे यांची सही

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी एका सल्लागार कंपनीने प्रभाकर तायडे यांना पुण्याला बोलावले. घटस्थापनेला तिच्या अहवालात त्यांची संमती छापून आली. दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी नांदगाव पेठेतल्या गिरणीने शिवणखात्यातल्या बायकांना घरी बसवले. जबाबदार तिघे: कंपनीचे भागीदार, गिरणीचे व्यवस्थापक, आणि तायड्यांना पुण्याला जायला सांगणारा मी.

तायडे अमरावतीतले माझे शेजारी आणि त्या गिरणीचे कामगार अधिकारी. हाती आलेला कागद शेवटपर्यंत वाचायचा आणि खाली ‘पाहिले’ असे लिहून सही करायची, ही त्यांची सवय. नळपट्टीची नोटीस असो की लग्नाची पत्रिका. “न वाचता ठेवला असं कोनी म्हनू नये,” ते म्हणत. एकदा जिल्हाधिकाऱ्यांना लिहिलेला माझा तक्रारअर्ज मी त्यांना दाखवला, तर त्यावरही सही. मी संतापलो. “अहो, अर्ज माझा आहे!”

“मंग? वाचला त मीच ना!”

मला तो अर्ज पुन्हा टंकून घ्यावा लागला.

गिरणीचा अभ्यास करायला आलेल्या त्या कंपनीला तायडे आवडले. तिने त्यांना आपल्या स्ट्रॅटेजी विभागात पद देऊ केले. ते माझ्याकडे आले. “वकीलसाहेब, हे काम मले जमन का, हे कसं समजावं?”

“पदाचे नाव पाहू नका. आठ दिवस त्यांच्या शेजारी बसा, काय करतात ते पाहा, मग ठरवा,” मी म्हणालो. सल्ला आजही मला चुकीचा वाटत नाही. परिणामाची जबाबदारी मात्र टळत नाही.

आठ दिवसांनी ते परतले. “पोरं लय हुशार हायेत. पन मशीनजवळ कोनी जाऊनच नाही राह्यलं. म्या म्हटलं, बाप्पा, शिवणखात्यातल्या वंदनाबाईले तरी इचारा. त म्हने, सर, आकडे आहेत ना! निकाल आधीच लिवला, आता कारनं जमवून राह्यले.”

“मग तुम्ही काय सांगितले?”

“हेच, भागीदारायच्या तोंडावर. म्हटलं, ज्याची नोकरी जाते त्याले न भेटता मले काही ठरवता येत नाही. तुमचं पद तुमच्याजवळच ठेवा.”

निर्णय स्वच्छ होता. परंतु निघण्यापूर्वी त्यांना अहवालाचा मसुदा वाचायला दिला गेला होता. तो त्यांनी शेवटपर्यंत वाचला आणि सवयीने ‘पाहिले’ लिहून सही केली. छापील अहवालात त्या सहीवर मथळा आला: ‘कामगार अधिकाऱ्यांची संमती’.

काम गेल्यावर वंदनाबाई त्यांच्या दारात आल्या. मी तिथेच होतो. “तायडेभाऊ, दुसऱ्या कोनाची सही असती त आमी गेट सोडलं नसतं. गेटावर लावलेल्या अहवालात तुमची पाह्यली न् गप घरी गेलो.”

त्या गेल्यावर मी कायदेशीर नोटिशीचा विषय काढला. “पाठवा तुमी नोटीस,” ते म्हणाले, “पन त्या गेटात मी आता कोनत्या तोंडानं जाऊ?” महिनाअखेरीस राजीनामा देऊन ते बार्शीटाकळीला भावाकडे निघून गेले. माझा फोन ते उचलत नाहीत.

कंपनीला मी तीन रजिस्टर पत्रे पाठवली. पोचपावत्या तिन्ही आल्या, उत्तर एकही नाही. कागद वाचल्याची नोंद म्हणजे त्यातल्या मजकुराला संमती नव्हे, हे कनिष्ठ न्यायालयातला नवखा वकीलही सांगेल. माझा दोष मी येथे लेखी मान्य केला आहे. आता भागीदारांनी गिरणीच्या फाटकासमोर, त्या बायकांच्या देखत उभे राहून एवढेच सांगावे: नोकरी नाकारताना तायडे तुम्हाला काय म्हणाले होते?