काकांनी शिवलेला हत्ती

माझी मावशी बालवाडीत शिकवते आणि तिच्या वर्गात कुणी हूं की चूं करत नाही. चित्रांचं पुस्तक ती मुलांकडे तोंड करून छातीशी धरते आणि मजकूर धडाधड पाठ म्हणते. स्वतः पानाकडे बघत नाही. बघणं म्हणजे तिला परीक्षेत कॉपी केल्यासारखं वाटतं. कुणी मध्येच तोंड उघडलं की म्हणते, "आधी हत्ती झोपू दे, मग बोल." हत्ती झोपेपर्यंत निम्मा वर्ग झोपलेला असतो.

पण हल्लीच्या पालकांना बोलकी मुलं हवी असतात. मुख्याध्यापिकांनी शेवटी सांगून टाकलं, "शुक्रवारी पालक वर्ग बघायला येतायत. मुलं अशीच पुतळ्यासारखी बसली, तर वर्ग दुसऱ्या बाईंना. तुम्ही कार्यालयात बसा." मावशीचं धाबं दणाणलं. कार्यालयात तिला घाबरणार कोण?

त्यात गुरुवारी हत्तीच्या पुस्तकाची पानं सुटली. काका, म्हणजे मावशीचे यजमान, शिंपी. त्यांनी ती दुकानात नेऊन पँटच्या दोऱ्याने मशीनवर घट्ट शिवून आणली. "आता फाटलं तर नाव बदलेन," म्हणाले. कापडाला उलट-सुलट असतं तसं पुस्तकाला आधीचं-नंतरचं असतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

शुक्रवारी गर्दी कमी दिसू नये म्हणून मावशीने मलाही पालकांत बसवलं. माझं लग्न व्हायचंय. शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुमचं कोणतं?" मी घोळक्याकडे मोघम हात केला.

"मग हत्ती चिखलात लोळला," मावशीने पान उलटलं.

"नाही! अंग पुसतोय!" पहिल्या रांगेतली दोन वेण्यांची मुलगी म्हणाली.

"गप्प. हत्ती चिखलात..."

"टॉवेल आहे बाई! बघा ना!"

मावशीने मान वाकडी करून पानात डोकावलं आणि तिचा चेहरा उतरला. तिने पालकांकडे पाहिलं, मुख्याध्यापिकांकडे पाहिलं. मग जन्मात पहिल्यांदा तिने मुलांना काहीतरी विचारलं.

"बरं, मग ओला कशाने झाला गं?"

"शू केली त्याने!" मागून एक पठ्ठ्या ओरडला.

झालं, वर्गाला तोंड फुटलं. पुढच्या पानावर हत्ती घोरत होता. "पुसून पुसून दमला!" त्याच्या पुढे चिखल. "हे स्वप्न आहे. स्वप्नात आई नसते ना!" शेवटी अंघोळ. "आई आली!" सगळे एकदम किंचाळले. पालकांच्या डोळ्यांत हसून पाणी.

"बाई, ही नवी पद्धत कुठे शिकलात?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"घरीच," मावशी म्हणाली. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

वर्ग तिच्याकडेच राहिला. संध्याकाळी काका कॉलर ताठ करून म्हणाले, "म्हणजे तुझा वर्ग मी वाचवला!"

"तुम्ही? डोळे काय घरी ठेवून शिवत होता? चार लोकांत माझी शोभा झाली असती!" चहा पार गार होईपर्यंत तिने त्यांना झोडपलं. मग पिशवीतून सशाचं पुस्तक काढून त्यांच्यापुढे आदळलं.

"याचीही पानं सुटलीयत."

"नीट लावून शिवू ना?" काकांनी घाबरत विचारलं.

"ते मला विचारू नका," मावशी म्हणाली. "आणि शिवून झालं की दाखवूही नका."