खेळातली हाक

"ए म्हारणी, चहा आण की लवकर."

हाक बाहेरच्या खोलीतून आली. मारणारा माझा नवरा. रविवारची सकाळ होती. सांगलीतलं आमचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड. बाहेर त्याच्या कॉलेजातले दोन प्राध्यापक मित्र बसलेले, त्यांतल्या एकाची बायको पण होती. मी आत स्टोव्हपाशी. हातात गाळणं.

 बाहेर एक मित्र हसला. नवरा म्हणाला, "सवय झालीय हो. आमची घरातली गंमत आहे. तिला काही वाटत नाही."

तेव्हा मी त्याला अहोजाहो करायचे. आता सांगताना तो म्हणते.

मी चहा घेऊन बाहेर गेले.   मित्राच्या बायकोनं कप घेतला आणि खुर्चीखाली ठेवला. तसाच गार झाला. आधी ती आमच्याकडे चहा पिऊन गेली होती. त्या दिवशी का प्यायली नाही? त्या शब्दाची लाज वाटली म्हणून, की त्या शब्दानं तिला माझी जात आठवली म्हणून? मला अजून कळलेलं नाही.

आणि तिला काही वाटत नाही, हे त्याला कुणी सांगितलं होतं?

मी आटपाडीकडची. आई पाटलाच्या गोठ्यात शेण काढायची. आम्ही बौद्ध झालो तेव्हा मी शाळेत होते. आईनं घरातले देव ओढ्यात नेऊन टाकले आणि गोठ्याचं काम सोडलं. पाटलाचा माणूस बोलवायला आला तर ती दाराआडून म्हणाली, "आता येनार न्हाई म्हनावं." मला साताऱ्याला बोर्डिंगात ठेवलं. तिथं पोरी माझ्या बोलण्याला हसायच्या. हाय, न्हाई, कवा, तवा. एकेक शब्द मी जिभेवरून खरवडून काढला. मॅट्रिक झाले. सांगलीच्या टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर म्हणून लागले. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, तोंडात एकच वाक्य, "नंबर प्लीज." तारेतून जात कळत नाही. ती नोकरी मला त्यासाठीच लय आवडायची.

भीमजयंतीला सांगलीतल्या आमच्या वस्तीत तो भाषणाला आला. वाईचा ब्राह्मण. कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचा. मनातली जात कशी जाते, यावर बोलला. चांगला बोलला. मी आभार मानायला उभी राहिले होते. वर्षभरानं आम्ही नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. वाईहून कुणी आलं नाही. माझी आई आली, पण फोटोत शेवटच्या रांगेत जाऊन उभी राहिली. तो हार घातलेल्या अंगानं भाषण करत होता. लोक टाळ्या वाजवत होते. मी पण वाजवल्या.

खेळ लग्नानंतर काही महिन्यांनी सुरू झाला. नवराबायकोतला. दार लावल्यावरचा.

पहिल्यांदा तो नुसतं म्हणाला, "तुझ्या गावच्यासारखं बोल ना. फार गोड वाटतं." मी बोलले. मग म्हणाला, मी मालक, तू कामाला आलेली. मग म्हणाला, मालकाला तुम्ही काय म्हणायचा? मी सांगितलं, "जी मालक." तो हसला. मग त्यानं मला त्या शब्दानं हाक मारली. माझ्या कानात आटपाडीचा अख्खा गोठा आला, वासासकट. मी उठून बसले.

तो घाबरला नाही. त्यानं समजावून सांगितलं. वर्गात सांगावं तसं. म्हणाला, "शब्द पुन्हापुन्हा उच्चारला की बोथट होतो. त्यातलं विष जातं. मनाचा नियमच आहे तो. आपण दोघं मिळून तो शब्द मारतोय. बाहेर शिवी, आपल्यात लाड."

शिकलेला माणूस. त्यानं माझ्यासाठी घर सोडलं होतं. त्याच्यावर संशय घेणारी मी कोण? असं मी मनाला सांगितलं आणि गप्प बसले.

शब्द मेला नाही. तो आधी दाराबाहेर आला. दुपारी टॉवेल मागताना. भाजी निवडताना. सायकलवरून हात करताना. माझं नाव त्या घरातून कमी होत गेलं. दिवसदिवस तो मला नावानं हाक मारायचा नाही. मी मनात म्हणायचे, लाडच आहे. पण लाडाला कान टवकारावे लागत नाहीत. माझे कान कायम टवकारलेले असायचे.

आणि मग, त्या रविवारच्या थोडं आधी, एके दिवशी ऑफिसात बोर्डावर बसले होते. कुणी बागायतदार लाइनवर आला. आवाज मोठा, मग्रूर. "ए बाई, कराड लाव. लवकर लाव."

माझ्या तोंडून गेलं, "जी मालक."

हेडफोनमध्ये मला माझाच आवाज ऐकू आला. शेजारच्या ऑपरेटरनं वळून बघितलं. "काय गं, काय म्हणालीस?" मी म्हटलं, काही नाही. कराड लावून दिलं.  माझी जीभ मी साताऱ्यात खरवडली होती. तिच्यावर हे परत कुणी पेरलं?

मला सवय म्हणजे काय ते माहीत होतं. बाजारात भाजीवाला "काय देऊ ताई" म्हणाला की माझ्या तोंडून "नंबर प्लीज" निघायचं. दिवसभर जे बोलतो तेच नकळत बाहेर पडतं. म्हणजे त्या रविवारी मित्रांसमोर त्याच्या तोंडून जे निघालं, ते तो दिवसभर मनात बोलत होता. खेळ संपल्यावर पण बोलत होता. शब्द बोथट झाला नव्हता. त्याची जीभ तेवढी निर्ढावली होती. आणि माझी मान वाकली होती.

त्या रविवारी मित्र गेल्यावर मी कपबशा धुतल्या नाहीत. त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "चारचौघांत तुम्ही मला काय म्हणालात?"

"अगं, खेळातलं तोंडात बसलंय. चुकून आलं."

"खेळच ना?"

"खेळच."

"मग आज पाळी बदलू. मी मालकीण. तुम्ही कामाला आलेले."

तो हसला. "ठीक आहे," म्हणाला. मी त्याच्या खुर्चीत बसले. त्याला दाराबाहेर उभं केलं. "चपला हातात घ्या," म्हटलं. त्यानं घेतल्या. हसतच होता. "मान खाली." घातली.

मग मी हाक मारली. "ए भटुरड्या, अंगण झाडलंस का रं?"

त्याचं हसू गेलं. असं गेलं की ते परत कधी येईल असं वाटेना. त्यानं चपला खाली टाकल्या. "पुरे. हे विकृत आहे."

"मला म्हणता तेव्हा नसतं?"

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

 त्यानं चपला पायात घातल्या आणि निघून गेला. मी खुर्चीत बसून राहिले. माझा शब्द तर त्याच्या शब्दापुढे पोरकट होता. त्या शब्दानं त्याच्या कुणाला कधी पाण्यावरून हाकललं नव्हतं, कुणाला गोठ्यात ओढलं नव्हतं. तरी तो त्याला एकदाही सहन झाला नाही. मी मात्र किती सहन करत आले होते, मोजलं नव्हतं.

तो परत आला तो मऊ होऊन. म्हणाला, चुकलो, पुन्हा तो शब्द काढणार नाही. बरेच दिवस काढला पण नाही. पण आता तो हाक मारताना "ए" म्हणायचा आणि मध्येच थांबायचा. मग माझं नाव घ्यायचा. त्या थांबण्यात मला तो शब्द ऐकू यायचा. तो गिळत होता, पण आधी तोच वर येत होता. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहायचे. जेवताना, बोलताना, झोपेत कूस बदलताना. नवऱ्याच्या तोंडाकडे चोरासारखं बघत बसायचं, हा कसला संसार?

मग आई आली. न कळवता आली, बाजरीचं पीठ घेऊन. स्वयंपाकघरात जमिनीवर मेथी निवडत बसली होती. मी स्टोव्हला पंप मारत होते. तो कॉलेजातून आला. आई आलीय हे त्याला माहीत नव्हतं. चपला काढता काढता बाहेरून ओरडला, "ए म्हारणी, पाणी दे."

आई उठली.

मेथी मांडीवरून खाली पडली. तिनं पदर डोक्यावर ओढला, मान खाली घातली आणि म्हणाली, "जी. आली, मालक."

गोठा सोडून तिला किती वर्षं झाली होती. देव टाकले, काम टाकलं. हाक आली आणि अंग उठलं. मी तिचा दंड धरला तेव्हा तिला कळलं आपण कुठं आहोत. तो दारात येऊन उभा होता. चेहरा पांढरा पडलेला.

"अहो आई, तुम्हाला नव्हे," तो म्हणाला.

आईनं मान वर केली. त्याच्याकडे नीट बघितलं.

"मग कुनाला, जावई?"

 सगळं मानसशास्त्र शिकलेला माणूस उंबऱ्यावरून मागं वळला. मग बाहेर जाऊन बसला.

आई पुन्हा खाली बसली. सांडलेली मेथी गोळा करता करता हळू आवाजात बोलली. "पाटलाचा ल्योक बी अशीच हाक मारायचा. हसत हसत. गंमत हाय म्हनायचा."

"गोठ्यात?"

"व्हय. तवा मला दुसरी भाकरी नव्हती. म्हनून जायची मी." गोळा केलेली मेथी तिनं पदरात घेतली. "तुला हाय की गं. तू कशापायी राहतीस?"

मी पत्र्याच्या पेटीत लुगडी भरली. तो दारात आडवा आला नाही. फक्त म्हणाला, "सवय सुटायला वेळ लागतो. थोडा वेळ दे."

मी म्हटलं, "सोडा. पण ती माझ्या अंगावर सोडवू नका."

आई आणि मी आमच्या वस्तीत खोली घेऊन राहिलो. महिन्याभरानं त्या दिवशी हसलेला मित्र आला. बाहेरच बाजेवर बसला. म्हणाला, "वहिनी, एका शब्दासाठी संसार मोडता? लोक म्हणतील, असली लग्नं टिकतच नाहीत. उद्या कुणी पुढं यायचं नाही."

त्याला माझी काळजी नव्हती. हार घातलेल्या त्या फोटोची होती. आई आतून ऐकत होती.

मी म्हटलं, "तुम्ही हसला होतात. तेव्हा लग्न मोडत होतं. तेव्हा का नाही बोललात?"

 तो बाजेवरून उठला आणि निघाला.

मी परत गेले नाही. जाणार नाही. त्याला सांगा, त्याच्या मित्रांना सांगा, टाळ्या वाजवणाऱ्यांना सांगा. दार उघडं असो की लावलेलं, रागानं असो की लाडानं. मला आईबापानं नाव दिलंय. त्या नावानं हाक मारा. दुसऱ्या कशालाही मी ओ देणार नाही.