तांब्याच्या घंटीचं थप थप

आमच्या कळपातली म्होरकी शेळी गळ्यातली घंटी उसात कुठंतरी पाडून आली, तिथनं सगळी भानगड सुरू झाली. कळप त्या आवाजामागंच चालतो. घंटी न्हाई म्हणल्यावर शेळ्या थेट शेजारच्या कापसात! शेजारीण काकाला दम देऊन गेलती, आणखी एकदा बोंडाला तोंड लागलं तर शेळी माझ्याच शेळ्यांच्या दावणीला बांधीन म्हणून.

काका म्हणला, नारायणगडाच्या जत्रंतनं काशाची घंटी आणतो. पण मी तवा नुकतीच सायन्सला गेलते, गप कशी बसणार? म्हणलं, कासं म्हंजी तांब्यात कथील मिसळलेलं. भेसळ कशाला घ्यायची? अस्सल तांब्याचीच करू की! आईचा भोक पडलेला हंडा उचलला अन् केजच्या तांबटाकडनं तापवून, ठोकून घंटी करून आणली.

दिसायला काय देखणी होती, सांगू! लालबुंद, चकचकीत. म्होरकीच्या गळ्यात बांधली, ती चालली, अन् आवाज आला... थप. थप. ओल्या चपलीनं चालल्यावानी. त्यात तिनं खुंट्याला एक धडक दिली, घंटी चेपून पार बसकी. कळपानं वळूनबी बघितलं न्हाई, पुन्हा कापूस. काका रानभर पळाला. धापा टाकत आला अन् म्हणला, "बाई, ही तूच गळ्यात बांध अन् पळ म्होरं."

मग पुस्तक उघडलं (आधी उघडायला काय झालतं!). तांबं मऊ, कथील त्याच्याहून मऊ. पण एकत्र वितळवलं की कडक! शुद्ध तांब्यात अणूंचे थर एकमेकांवरनं सटासट घसरतात, म्हणून ते चेपतं अन् आवाज गिळून टाकतं. कथलाचे मोठे अणू मधी घुसले की थरांना नीट घसरताच येत न्हाई. मग ठोका बसला की ते घुमतं. दोन मऊ मिळून एक कडक, अन् वर गातंबी! मला लई भारी वाटलं. जेवताना सगळ्यांना दोनदा सांगितलं, कुणी ऐकलं न्हाई.

शेवटी जत्रंतनं काशाची घंटी आलीच. त्या संध्याकाळी म्होरकी निघाली, टण्ण टण्ण, अन् सगळा कळप मुकाट मागं. कापसाकडं कुणी ढुंकून बघंना. काका खूश. दारात शेळ्या आत घेताना बघतोय तर दावी कमी पडायला लागली, शेळ्या जास्तच! तेवढ्यात मागनं शेजारीण आली, कमरेला पदर खोचून.

"आता माझ्याबी पळवता व्हय?"