बुधवारची बरणी

चूक माझीच. बुधवारची सहल मी मंगळवारी नेली. रोज फळ्यावर तारीख लिहिणारा मास्तर मी, पण परवानगीच्या पत्रावरची तारीख काही नीट वाचली नाही.

सहल म्हणजे रामटेकबिमटेक नव्हे. सत्तरच्या दशकात दर दिवाळीआधी मी आठवीची पोरं नागपूरबाहेरच्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रावर नेत असे. तिथं टाक्या सांभाळणारा एक ऑपरेटर होता. फाटकातच तो पोरांचे नाकावरचे रुमाल उतरवायचा. "दोन मिनिटं द्या नाकाले. मंग नाही कुरकुरत थे."

टाक्या दाखवून झाल्या की काचेच्या दोन बरण्या निघत. एकीत काळं पाणी, दुसरीत नितळ. "हे आत येते, हे शेतात जाते. प्यासाठी नाही, पन माहा भरोसा हाये," म्हणत तो नितळ पाण्याचा पेला रिकामा करी. पोरं टाळ्या पिटत. एका वर्षी मलाही जोर चढला आणि मीही एक पेला प्यालो. घरी येऊन हा पराक्रम सांगितला. त्या दिवसापासून बायकोने माझा पेला वेगळ्या फळीवर ठेवला.

तर मंगळवारी फाटकात कुणीच नव्हतं. मोटरचा आवाज नव्हता. टाकीवर शेवाळ चढलं होतं. मागच्या विहिरीवर तो नुसत्या बनियनमध्ये बसून फडक्यातून बरणी भरत होता.

माझ्यामागून एक पोरगा म्हणाला, "सर, हे तं हिरीचं पानी हाये!"

तो उठला. "गुरुजी, तुम्ही तं उद्या..."

"मोटर कधीपासून बंद आहे?"

"जळून पडली हाये. अर्ज करू करू थकलो."

"मागच्या वर्षी मी पेला प्यालो तेव्हा?"

त्यानं बरणी खाली ठेवली. "मागल्या वर्षीही बंदच होती. पयले चालू होती गुरुजी, आईच्यान. पोरं इतक्या दुरून येतात, त्यायले काय नुसती घान दाखवू?"

मी पोरांना तसंच परत फिरवलं. बसमध्ये कुणी गाणं म्हटलं नाही. वर्गात पोचल्यावर सहलीआधी वह्यांत उतरवून दिलेलं पाणी शुद्धीकरणाचं पान मी खोडायला लावलं. खोडताना पोरं वहीकडे नाही, माझ्याकडे पाहत होती. या माणसाच्या भरवशावर मी वर्षानुवर्षं पोरांना घाण पाणी असं नितळ होतं म्हणून सांगत आलो होतो, आणि माझा तो पराक्रम विहिरीच्या पाण्याचा निघाला होता!

पुढच्या वर्षी त्याचं पोस्टकार्ड आलं. 'मोटर चालू झाली. पोरायले आना. बरनी रिकामी ठेवतो, तुमच्या हातानं भरा.'

मी ते वाचून वहीत घातलं आणि सहल खापरखेड्याच्या वीजकेंद्रावर नेली.

दोन वर्षांनी राग निवला, तेव्हा एकटाच गेलो. मोटर घरघरत होती. शेवटच्या टाकीतून पाणी स्वच्छ पडत होतं. तो मात्र निवृत्त होऊन गावी गेला होता, कुठल्या गावी ते कुणाला ठाऊक नव्हतं. खिडकीत ती बरणी होती, धुऊन पालथी घातलेली.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. म्हटलं, "फसवलं होतं त्यानं मला."

ती मटकी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तपासणीले साहेब आले का वर्गातल्या प्रयोगाचे सुकलेले मोड फेकून माह्या डब्यातली मोडाची मटकी कोन नेते जी? म्या कधी बोलनं टाकलं का तुमच्याशी?"