छप्पनचा पैसा मी जुना केला

रिटायर मास्तर फार वाईट. हाताला काम नाही, समोर पोरं नाहीत, मग तो घरातल्या वस्तू सुधारायला घेतो. तशात आमच्या गावच्या विहारात ‘छप्पन सालच्या आठवणी’ असं प्रदर्शन भरवायचं ठरलं. गावातून दीक्षेला नागपूरला गेलेल्यांपैकी आता एकच माणूस जिवंत आहे, माझा बा. आणि त्यानं तिथून आणलेली वस्तूही एकच, घोड्याचं चित्र असलेला तांब्याचा पैसा.

हा पैसा त्यानं औषधाच्या डबीत जपला होता. कारण साधं आहे. आमच्या गावात दुकानदार आम्हाला सुटे पैसे वरून टाकायचा, आमचा हात लागू नये म्हणून. नागपुरात एका चहावाल्यानं तो पैसा बाच्या हातात दिला आणि वर विचारलं, “कुठून आले भाऊ?” बा तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा. त्यानं तो पैसा कधी खर्चलाच नाही.

आता प्रदर्शनात ठेवायची वस्तू लख्ख नको का? मी चिंच-मीठ घेऊन बसलो आणि तासभर घासला. काळाकुट्ट पैसा तांबूस झळकायला लागला. बाला दाखवला तर म्हातारा खाटेवरून उठूनच बसला. “हाच! असाच कोरा होता रे! त्या मानसानं देल्ला तवा असाच चमकून राह्यला होता!” मग त्यानं तो सुनेला दाखवला, शेजारणीला दाखवला. दोन दिवस तो पैसा डबीत गेलाच नाही.

मग मी तो कमिटीपुढे नेला. कमिटीत तिघं, तिघंही माझे विद्यार्थी, त्यामुळे कोणाची अक्कल किती ते मला चांगलं ठाऊक. अध्यक्षानं पैसा उलटापालटा केला. “सर, हा तं परवाचा वाटते. लोक हासतीन ना!”

“अरे, माझ्या बापानं आणलेला आहे!”

“तुमच्यावर भरोसा हाये सर. पन पब्लिकचं काय? जुनी वस्तू जुनी दिसाले पाह्यजे.”

काचेच्या पेटीतली मधली जागा आमची ठरली होती. ती आता कोणाच्या तरी आजोबाच्या ‘छप्पनच्या’ छत्रीला देतो म्हणाले. छत्रीला! ती छत्री मंगरूळपीरच्या बाजारातून घेतली तेव्हा मी सोबत होतो, आणि तेव्हा मला नोकरी लागून दहा वर्षं झाली होती. माझं डोकंच फिरलं.

जवळच्या मालेगावला जुनी नाणी विकणारा एक जण आहे, त्याला गाठलं. तो म्हणाला, “अंडं उकडा, कुस्करा, पैशासंगं डब्यात बंद करा. दोन दिवसांत शंभर वर्षं.” बायको नाक धरून म्हणाली, “मानसाले अंडं नाई आन पैशाले अंडं! काहून बाप्पा?” तिसऱ्या दिवशी पैसा निघाला तो तव्याच्या बुडासारखा. मग घोड्याची पाठ फडक्यानं जराशी उजळ केली, खाचांत तेल-माती भरली. काय सांगू, मी स्वतःवरच खूश झालो. कमिटी तर म्हणाली, “वा सर! आता वाटते छप्पनचा!” बा घरी विचारत होता, “माहा पैसा कुठी हाये?” मी म्हणालो, “विहारात हाये, तिथंच पाह्य.”

प्रदर्शनाच्या दिवशी पांढरे कपडे घालून बा आला. पेटीभोवती गर्दी, आणि मी बाजूला उभा राहून सगळ्यांना माहिती सांगतोय. बा वाकला, नीट पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाला, “हा माहा नाई. माहा चमकते. हा कोनाचा?”

अध्यक्ष माझ्याकडे बघायला लागला. ‘बा, मीच याला काळा केला,’ एवढंच म्हणायचं होतं. खोटं बोलणाऱ्या पोरांच्या हातावर मी जन्मभर छड्या मारल्या. आणि मी म्हणालो, “बा, तुह्या ध्यानात नसन राह्यलं. असाच होता.”

“वय झालं ना आजोबाचं,” अध्यक्ष समजूतदारपणे म्हणाला.

बानं एकदा पेटीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं.

“असन बाप्पा,” तो म्हणाला. “तू शिकेल-सवरेल हायेस.” आणि सगळ्यांना वाट देत तो मागच्या खुर्चीवर जाऊन बसला.