हँडिकॅपरशी गप्पा

माझा नवरा फार अबोल होता, असं तो गेल्यापासून लोक मला येऊन सांगतात. मी मान डोलावते. स्वतःबद्दल तो अबोल होताच. मुलीबद्दल बोलायला लागला की मात्र त्याला आवरणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. ती शाळेत होती तेव्हा गटार साफ करायला आलेल्या प्लंबरलाही तिचे गणिताचे मार्क ठाऊक असत. आणि वर, "पेपर सोपा होता, नाहीतर अजून पडले असते," हेही असायचं. यात काय अर्थ आहे, असं मी एकदा विचारलं, तर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

मग ती युनिव्हर्सिटीला गेली, शेतकीचा कोर्स घेतला, कुठल्याशा मैत्रिणीच्या गावी सुट्टीत राहून आली आणि कुऱ्हाड घेऊनच परतली. लाकूड तोडण्याच्या शर्यतींची कुऱ्हाड. इथे गावोगावच्या शोमध्ये, म्हणजे शेतकी जत्रांमध्ये, गाईगुरांच्या आणि केकच्या स्पर्धांसोबत ही पण असते. पांढऱ्या पँटी घातलेली माणसं ओळीने उभ्या केलेल्या ओंडक्यांवर तुटून पडतात, ज्याचा ओंडका आधी तुटून पडेल तो जिंकला. मुलीही उतरतात. आमची उतरली आणि घरातल्या फुशारक्या एकाएकी बंद झाल्या.

त्याचंही मला कळत होतं. माझ्या सासऱ्यांनी मुंबईत एका वखारीत जन्मभर लाकडं फोडली. मुलाने पुस्तक सोडून कुऱ्हाडीला हात लावला तर ते हात उगारत. तो शिकला, इंजिनिअर झाला, सिडनीला आला, आणि इथे त्याची पोरगी हौसेने ओंडके फोडायला लागली. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी विचारलं, "मुलगी काय करते?" की तो म्हणायचा, "स्पोर्ट्समध्ये आहे." पुढचा प्रश्न येण्याआधी ताट घ्यायला उठायचा.

मग त्याला कॅन्सर निघाला, स्वादुपिंडाचा. वेस्टमीड हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, काही लपवलं नाही. नोकरी सुटली. दिवसभर तो आमच्या क्वेकर्स हिलच्या घरात स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्ची टाकून बसू लागला. मागच्या अंगणात मुलगी कामावरून आल्यावर सराव करायची. तो पडद्याआडून बघायचा आणि हातातल्या फोनवर वेळ मोजायचा. हे तिला माहीत नव्हतं. मी विचारलं तर म्हणाला, "काही नाही गं, बसल्या बसल्या." एका संध्याकाळी मात्र तोच मला हाक मारून म्हणाला, "अगं, ही किती फास्ट झालीये, बघ तरी." ती फास्ट झाली होती, कारण बाप आजारी पडल्यापासून ती वेड्यासारखा सराव करत होती. तिला काय हवं होतं ते मला माहीत होतं. त्याला काय हवं होतं तेही त्याने त्याच दिवशी सांगितलं. "एकदा तिला जिंकताना बघायचंय मला. मग काय व्हायचं ते होऊ दे."

म्हणून आम्ही डोंगरापलीकडच्या एका गावच्या शोला गेलो. मी गाडी चालवत होते, तो मागे उशांना टेकून. मुलगी कुऱ्हाडींची पेटी घेऊन पहाटेच दुसऱ्या कुणाच्या गाडीतून पुढे गेली होती. वाटेत मी त्याला हँडिकॅपची पद्धत समजावून सांगायला लागले. सगळे एकदम सुरू करत नाहीत. सुरुवात करून देणारा माणूस मोठ्याने आकडे मोजतो आणि ज्याचा जो आकडा, त्यावर त्याने पहिला घाव घालायचा. नवख्यांना लवकरचा, पट्टीच्यांना उशिराचा. म्हणजे शेवटी सगळे बरोबरीने संपवतील अशी आशा. कुणाला कितवा आकडा द्यायचा हे हँडिकॅपर ठरवतो. "समजलं," तो म्हणाला आणि डोळे मिटले. मॉर्फिनमुळे त्याला झोप लागे. ऐकलं किती आणि नाही किती, देव जाणे.

सकाळच्या फेरीत आमच्या मुलीचा आकडा पहिलाच होता. तिने घाव घालायला सुरुवात केली, बाकीच्या मागून आल्या, आणि तिचा ओंडका सगळ्यांच्या आधी दोन तुकडे होऊन पडला. फायनल दुपारी होती. नवरा उभा राहून टाळ्या वाजवत होता, आणि त्याला उभं राहायला मनाई होती. इतका आनंद मी त्याच्या चेहऱ्यावर किती महिन्यांनी पाहिला. मी रडले, खोटं कशाला सांगू.

जेवणाच्या वेळी त्याच्या शेजारच्या खुर्चीत टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ येऊन बसले. त्यांनीच त्याच्यासाठी सावलीत खुर्ची सरकवली. मला बरं वाटलं, कुणीतरी सोबतीला आहे. मी चहा आणायला गेले. रांग मोठी होती. परत आले तेव्हा नवऱ्याच्या हातात फोन होता आणि तो पूर्वीच्या उत्साहाने बोलत होता. "दिस इज नथिंग, मेट. घरी ती याहून कितीतरी लवकर तोडते. मी स्वतः टाइम लावलाय. बघा, हे बघा." म्हातारा मन लावून बघत होता. मग त्याने नवऱ्याच्या खांद्यावर हलकेच हात ठेवला, "यू मस्ट बी प्राउड," म्हणाला आणि उठून गेला. "किती चांगला माणूस," नवरा मला म्हणाला. तो माणूस थेट स्पर्धकांचे आकडे लिहायच्या फळ्यापाशी गेला. तेव्हा मला कळलं हँडिकॅपर कोण ते.

मी धावतच मुलीकडे गेले. तो म्हातारा तिथे माझ्या आधी पोचला होता. आवाज चढवला नाही त्याने. म्हणाला, "तुझ्या वडलांनी तुझे घरचे टाइम दाखवले, लव्ह. आय हॅव टु पुट यू बॅक." फायनलपूर्वी आकडा असा मागे ढकलण्याचा त्याला अधिकार होता. पुढे म्हणाला, "काही जण सोपा आकडा मिळावा म्हणून मुद्दाम हळू तोडतात. तू त्यातली नसशील, असं मी धरून चालतो."

तिचा चेहरा लाल झाला. त्या खेळात याहून घाणेरडा आरोप नाही. ती लपवत नव्हती. गेल्या दीड महिन्यात तिचा वेग वाढला होता आणि मधे एकही शो झाला नव्हता, इतकंच. ते ती बोलू शकली असती. बोलली असती तर बापाला विचारायला कुणीतरी पुन्हा सावलीतल्या खुर्चीकडे गेलं असतं. ती म्हणाली, "फेअर इनफ." मग माझ्याकडे वळून, दात आवळून, "डोन्ट टेल हिम, आई. प्रॉमिस कर."

फायनलला सगळ्या आपापल्या ओंडक्यासमोर उभ्या राहिल्या. आकडे सुरू झाले. पहिलीने घाव घातला, मग दुसरीने, मग आणखी दोघींनी. ढलप्या उडत होत्या. आमची मुलगी कुऱ्हाड ओंडक्याला टेकवून उभी. तिचा आकडा शेवटचा होता. मोजणारा माणूस सावकाश मोजत होता, आणि माझा नवरा कुंपणाला धरून ओरडायला लागला. "अगं मार ना! मार! उभी काय राहिलीस?" मी त्याचा दंड धरला. त्याने हिसडा दिला. एवढं बळ त्याच्यात कुठून आलं कोण जाणे. सगळ्या मैदानात मराठी कळणारी तिघंच होतो आम्ही, आणि तिला प्रत्येक शब्द ऐकू जात होता. तिने मान वळवली नाही.

तिचा आकडा आला तेव्हा ती जे तुटून पडली ते मी विसरणार नाही. पण उशीर झाला होता. दुसऱ्या एका मुलीचा ओंडका पडला, पाठोपाठ आणखी एक, मग तिचा. एरवी तिला मिठी मारणारी एक बाई जाता जाता म्हणाली, "आज सगळा जोर लावलास वाटतं." हसली नाही.

परतीच्या वाटेवर मुलगी आमच्या गाडीत मागे बापाशेजारी बसली, पेटी दुसऱ्या कुणाबरोबर पाठवली. त्याने विचारलं, "का गं थांबलीस?"

"नर्व्हस झाले, बाबा. आय फ्रोझ."

"सकाळी तर किती छान मारलंस."

"हो ना. सॉरी बाबा."

त्याने तिच्या केसांवरून हात फिरवला. मी समोरच्या रस्त्याकडे बघत होते आणि संतापले होते. त्याच्यावर संताप, त्या टोपीवाल्या म्हाताऱ्यावर, आणि हिच्यावरही. एवढं कसलं मोठेपण?

नंतरच्या दिवसांत भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्याने ती गोष्ट सांगितली. आता लाज गेली होती, कुऱ्हाडीबद्दल तो उघडपणे बोलायचा. "माझी मुलगी त्या सगळ्यांपेक्षा चांगली तोडते हो. पण ऐन वेळी घाबरली. स्वभाव. आमच्या घरात धीर नाही कुणाला." ती तिथेच बसून असे. लोकांना पाणी देई. कुणी तिला म्हणे, "पुढच्या वेळी जमेल हं," तर ती "थँक्स काका" म्हणे. दोनदा मी स्वयंपाकघरात तिला धरून म्हटलं, "मी सांगते त्याला. अगं, तो तुला भित्री समजतोय!" ती म्हणाली, "सांगितलंस तर तो स्वतःला काय समजेल?"

वेस्टमीडला त्याला शेवटचं नेलं तेव्हा तो बहुतेक झोपेतच असायचा. एका दुपारी डोळे उघडले आणि आम्हा दोघींना ओळखलं. हात मुलीकडे केला. ती खाली वाकली.

"घाबरायचं नाही गं," तो म्हणाला. "कोणी आकडे मोजू दे, नाहीतर काही करू दे. तू आपलं मारत सुटायचं. कळलं?"

"कळलं, बाबा."

"आता नाही ना घाबरणार?"

मी तोंड उघडलं. तिने न वळता माझं मनगट पकडलं, कुऱ्हाड धरणाऱ्या हाताने, इतकं घट्ट की वळ उठले.

"नाही घाबरणार," ती म्हणाली. त्याने समाधानाने डोळे मिटले. त्यानंतर तो बोलला नाही.